काटा कोणाच्या हाती? : तरुण खेळाडूंच्या पारखीचा इतिहास

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात कारखान्यांचा किंवा संपांचा इतिहास असावा. आम्ही विषय निवडला तो मात्र खेळाडूंच्या पारखीचा. दोन तरुण खेळाडू शेजारी उभे करून त्यांतला सरस कोणता हे ठरविण्याची रीत आपल्याकडे कसकशी बदलत गेली, ठरविणारे कोण होते, आणि ज्याला पारखावयाचे त्याचे स्वतःचे त्यात काय चालले, एवढाच आजचा प्रश्न आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, जेथे माणसाच्या अंगमेहनतीला किंमत लावली जाते तेथे आमचे काम असतेच.

विषय सुचला तो एका गृहस्थाच्या प्रश्नावरून. कळंबला संध्याकाळी कबड्डीची पोरे मैदानावर जमतात. त्यांत दोन मुले अशी आहेत की त्यांचा खेळ पाहण्यासाठी रस्त्याने जाणारा सायकलवरून उतरतो. एक अंगाने भरलेला, पकडीतून ओढत मध्यरेषेला येणारा. दुसरा सडपातळ, पण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून पाऊल टाकणारा. पहिल्याच्या वडिलांनी एके दिवशी आम्हाला बाजूला घेतले. "अण्णा, तुम्ही चार गावं फिरता. खरं सांगा, ह्या दोघांत लिलावापर्यंत कोण जाईल? आमचं पोरगं जाणार असंल तर अर्धा एकर विकतो आन् पुण्याला धाडतो."

अर्धा एकर! नीरेच्या पाण्याखालची ऊसजमीन म्हणजे काय हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. आम्ही त्यांना तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. आजचे व्याख्यान हे ते उत्तर आहे, असे समजावे.

आपण उसाच्या मुलखातली माणसे. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर कारखान्याची वसाहत उभी केली, तेव्हापासून येथील तीन पिढ्या काट्याचे महत्त्व जाणून आहेत. उसाची गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो, पावती मिळते. ऊस कसा आहे हा एक प्रश्न. पण काटा कोणाचा, तो तपासला कोणी, आणि पावतीवर नाव कोणाचे, हे प्रश्नही तितकेच मोठे आहेत. माणसांच्या पारखीचा इतिहास आम्ही याच प्रश्नांच्या उजेडात पाहणार आहोत.

प्रथम राजाश्रयाचा काळ घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, मल्लांना खुराक बांधून दिले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. त्या काळात पारख करणारा एक होता, तो जाणता होता, आणि त्याची नजर हाच काटा होता. जाणत्या राजाच्या हाती काटा असला म्हणजे गरिबाच्या पोराचे सोने होते, हे कोल्हापूरने दाखविले. परंतु राजा जाणता निघणे हा नशिबाचा भाग झाला. तो तसा नसला तर दाद कोठे मागावयाची?

याच काळातले दुसरे उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते कडू आहे. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरविणे, रेघा मारणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम, आणि पगार महिना चार रुपये. सरावात तासन्‌तास टाकलेल्या त्या चेंडूंतून हिंदुस्थानातला त्या वेळचा अव्वल डावखुरा गोलंदाज तयार झाला. हिंदूंच्या संघात त्यांना घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाले. अखेर घेतले, कारण त्यांच्यावाचून सामना जिंकता येईना. मैदानावर चेंडू सर्वांनी हाताळावयाचा, पण चहाच्या वेळी बाळूंचा पेला वेगळा आणि जागाही वेगळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ विलायतेस गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. त्यासाठी त्यांना आणि त्यांच्या भावांना झगडावे लागले, आणि १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले तेव्हा ते दार उघडले.

या हकिकतीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. बाळूंची पारख चुकली नव्हती. त्यांचे वजन किती हे सर्वांना ठाऊक होते. वजन बरोबर होते. पावती मात्र दुसऱ्याच्या नावाने फाडली जात होती. पारखीत अन्याय होतो तो नेहमी अज्ञानाने होतो असे नाही. पुष्कळदा तो पूर्ण जाणून-उमजून होतो.

तिसरे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड व्हावयाची तेव्हा मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याकडून त्याला एका गुणाने मागे टाकण्यात आले. खाशाबांना हा निकाल पक्षपाताचा वाटला. येथे आपल्याकडची बहुतेक मुले नशिबाला बोल लावून घरी परततात. खाशाबांनी तसे केले नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. दोघांची कुस्ती पुन्हा लावण्यात आली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. पुढे प्रवासाच्या खर्चाचा प्रश्न आला. गावाने वर्गणी काढली, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

आम्हाला या कथेत पदकाइतकीच ती दुसरी कुस्ती मोलाची वाटते. कारण पुन्हा वजन करून मागण्याचा हक्क तेथे बजावला गेला. निवड करणारा कितीही थोर असो, त्याच्या निकालावर अपील असले पाहिजे, हे तत्त्व एका शेतकऱ्याच्या मुलाने आखाड्यात सिद्ध करून दाखविले.

आता कबड्डीकडे वळू. हा खेळ तर आपल्या मातीचाच. त्याचे नियम बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी जन्मभर खपून संघटना उभारली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला स्थान मिळाले. पण या साऱ्या काळात कबड्डीपटूच्या पोटाचे काय होते? त्याचे उत्तर एका शब्दात, नोकरी. गिरण्या, रेल्वे, बँका, पोलीस दल, मोठे कारखाने यांचे संघ असत. लालबाग-परळच्या मैदानात एखाद्या पोराची चढाई साहेबाच्या नजरेत भरली की त्याला हजेरीपटावर नाव मिळे.

या नोकरीच्या पारखीत एक मोठा गुण होता. गुडघा गेला, वय झाले, तरी माणूस कामावर राही. त्याचा भविष्यनिर्वाह निधी साठे, घर चाले. म्हणजे पारखणाऱ्याची चूक झाली तरी तिचा सगळा बोजा खेळाडूच्या पाठीवर पडत नसे. दोषही होता. वशिला चाले, आणि ज्याला साहेबापर्यंत पोहोचविणारा कोणी नाही तो चांगला असूनही मागे राही. ते कसेही असो, १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगावचे जे झाले ते आपण जाणता. गिरणी गेली, तिच्याबरोबर तिच्या आधाराने उभे राहिलेले खेळही पोरके झाले. इतर खात्यांत खेळाडूंची भरती चालू राहिली, पण गिरणगावची ती चाळीपासून मैदानापर्यंतची आणि मैदानापासून हजेरीपटापर्यंतची वाट बंद झाली.

यानंतरचा काळ लिलावाचा. परंतु आपल्या लिलावाकडे येण्याआधी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ, कारण तरुण खेळाडूंची बाजारात निवड करण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईचा प्रयोग तेथे झाला आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. चेंडू कोणाकडे फेकावयाचा की दुसऱ्याच्या हाती देऊन पळवावयाचा, हे अंगावर धावून येणाऱ्या पहिलवानांसमोर त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. ही मुले महाविद्यालयांत तयार होतात. पूर्वी धनवान संघ चांगली मुले उचलीत आणि दुबळे संघ दुबळेच राहत. तेव्हा फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी अशी तोड काढली की, मालकांनी एकत्र बसून पाळीपाळीने मुले निवडावीत, आणि गेल्या वर्षी जो संघ तळाला असेल त्याची पाळी पहिली. याला ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ मुले निवडली. सर्वांत पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. मौज अशी की, हा पहिला मानकरी व्यवसायी संघातून एकही सामना खेळला नाही. त्याला मिळणारा पगार पुरेसा वाटला नाही, तो दुसऱ्या उद्योगाला लागला.

पुढे या निवडीचे मोठे शास्त्र झाले. मुलाची उंची, वजन, धाव, हाताच्या पंजाची लांबी, सारे मोजले जाऊ लागले. आणि तरीही १९९८ साली काय झाले ते पहा. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅक बरोबरीचे मानले जात होते. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचा रायन लीफ. मॅनिंग अभ्यासू, लीफचा हात अधिक ताकदीचा, असे बोलले जाई. कोणता घ्यावा यावर जाणत्यांत महिनोन्‌महिने खल चालला होता. इंडियानापोलिसने मॅनिंगला पहिला घेतले. सॅन डिएगोने दुसरी पाळी मिळविण्यासाठी आपल्या जवळचे बरेच काही देऊन लीफला घेतले. मॅनिंग पाच वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याने दोन वेळा अजिंक्यपद मिळविले. लीफची सारी कारकीर्द २५ सामन्यांत आटोपली. त्याने विरोधकांच्या हाती घालविलेले चेंडू ३६, आणि गोल करून दिलेल्या फेकी १४.

यावर कोणी म्हणेल, निदान पहिल्या संघाची पारख तरी बरोबर ठरली. मग २००० साल पहा. त्या वर्षी टॉम ब्रेडी नावाच्या मुलाचे नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारले गेले. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले होते. या ब्रेडीने पुढे सात अजिंक्यपदे मिळविली. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ तासून घेतलेल्या काट्यावर त्या खेळाच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक जवळजवळ कवडीमोल ठरला होता.

आता आपल्या घरी परतू. प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव मे २०१४ मध्ये मुंबईत झाला. संघ आठ होते. सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. चार वर्षांनी, २०१८ साली, सहा खेळाडू कोटीच्या वर किंवा कोटीला गेले. मातीतल्या खेळाला हा मान मिळाला याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तो न मानणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच लिलावाचा ताळेबंद मांडून पाहू.

२०१८ चा सर्वांत महाग खेळाडू मोनू गोयत. हरयाणा संघाने त्याला १ कोटी ५१ लाखांना घेतले. तो संघ त्या हंगामात आपल्या गटात तळाला राहिला. त्याच लिलावात मुंबईच्या संघाने चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या एका नव्या मुलाला ३६ लाख ४० हजारांना घेतले. तो सिद्धार्थ देसाई. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. आणि बंगळूरच्या संघाने पवन सेहरावतला याच लिलावात मोनूच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने घेतले. आदल्या हंगामात गुजरातकडून त्याला फारशी संधी मिळाली नव्हती. त्याने चढाईचे २७१ गुण काढले, आणि ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण घेऊन संघाला अजिंक्यपद दिले. मोनू वाईट खेळाडू होता असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच की बोलीचा आकडा आणि पुढचा खेळ यांची सांगड लागत नाही.

पुढची कहाणी अधिक बोलकी आहे. २०१९ साली सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना तेलुगू संघाकडे गेला. त्याने स्वतः उत्तम चढाया केल्या. संघ बारा संघांत अकरावा आला. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा जवळजवळ एक हंगाम वाया गेला. २०२३ मध्ये हरयाणाने त्याला १ कोटीला घेतले आणि २०२४ मध्ये दिल्लीने २६ लाखांना. माणूस तोच, खांदा तोच, गावही तेच. पवन सेहरावतला २०२२ साली तमिळ संघाने २ कोटी २६ लाख मोजले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामभर बाहेर बसला. २०२३ मध्ये त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. प्रत्येक संघाला खर्चावयाची एकूण मर्यादा होती ५ कोटी. म्हणजे निम्म्याहून अधिक थैली एका माणसावर रिकामी झाली. त्याने दोनशेच्या वर गुण काढले, पण कोपऱ्यात पकड करावयास बळकट माणसे घेण्याइतके पैसे उरले नव्हते. संघ सर्वांत शेवटी राहिला.

त्याच हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झाला, आणि पुण्याच्या संघाने हरयाणाला २८–२५ असे हरविले. पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. तो संघात आला तो मोठ्या बोलीने नव्हे. नव्या तरुण खेळाडूंचा म्हणून जो वर्ग असतो, त्यातून पुण्याने त्याला उचलले, घडविले आणि कर्णधार केले. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. त्याच पुण्याच्या संघात इराणचा शादलूई हा २ कोटी ३५ लाखांचा खेळाडूही होता. तेव्हा महाग ते सारे वाईट आणि स्वस्त ते सारे चांगले, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. पण त्या संघाचा कणा घरी वाढविलेल्या पोरांचा होता, हे कोणी नाकारणार नाही.

काटा इतका का चुकतो? आम्हाला त्याची तीन कारणे दिसतात. पहिले असे की, लिलावातली किंमत खेळाडूची नसतेच. ती गरजूंच्या चढाओढीची असते. एकाच संघाला चढाईपटू हवा असेल तर तो मूळ किमतीच्या आसपास जातो, दोघांना हवा असेल तर कोटीला. बैलबाजारात हा अनुभव आपण दरवर्षी घेतो. जो आधी मंचावर येतो त्याला भरल्या थैल्या भेटतात, मागून येणाऱ्याला रिकाम्या. दुसरे कारण असे की, मुलाचे आकडे हे त्याच्या एकट्याचे नसतात. त्याला किती चढाया मिळाल्या, तो बाद झाल्यावर त्याला परत आणणारे पकडी किती भक्कम होते, यावर ते अवलंबून असतात. लीफ आणि मॅनिंग यांनाही संघ निराळे, प्रशिक्षक निराळे मिळाले. आपण रोप पाहतो, पण ते कोणत्या जमिनीत लागणार हे काट्यावर दिसत नाही. तिसरे कारण दुखापत. गुडघा केव्हा जाईल हे कोणत्याही फुटपट्टीने मोजता येत नाही. आणि गिरणीच्या काळाशी आजच्या काळाचा खरा फरक येथेच आहे. तेव्हा गुडघा गेला तर नोकरी उरत असे. आता गुडघा गेला तर पुढच्या लिलावातला आकडा जातो.

आता शेवटचा प्रश्न. ज्याला तोलावयाचे त्याचे काही चालते की नाही? लिलावात खेळाडूची मूळ किंमत आधी ठरलेली असते, बोली संघ लावतात, आणि कोणत्या संघात जावयाचे हे खेळाडू ठरवीत नाही. अमेरिकेच्या ड्राफ्टमध्येही तसेच. याविरुद्ध तेथे एक खेळाडू कोर्टात गेला. जेम्स स्मिथ, टोपणनाव याझू. १९६८ साली वॉशिंग्टनच्या संघाने त्याला निवडले. त्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्याच्या मानेला दुखापत झाली आणि खेळ संपला. त्याचे म्हणणे असे की, ड्राफ्टमुळे आपणास एकाच संघाशी सौदा करणे भाग पडले. चार संघांशी बोलता आले असते तर दुखापतीची हमी मागून घेतली असती. १९७६ साली न्यायालयाने तो ड्राफ्ट बेकायदा ठरविला आणि १९७८ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय मूलतः उचलून धरला.

परंतु ड्राफ्ट बंद पडला नाही. का? कारण दरम्यान, १९७७ साली, खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी सामुदायिक करार करून फेऱ्या कमी केलेला ड्राफ्ट मान्य केला होता. जे मालकांनी एकतर्फी लादले ते बेकायदा. तेच संघटनेने वाटाघाटीत मान्य केले की कायदेशीर. संघटनेच्या सहीचे वजन केवढे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आणि ती सही कशी वापरली जाते तेही पहा. २०१० साली पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड. त्याचा सहा वर्षांचा करार ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. २०११ साली संघटनेचा नवा करार झाला, त्यात नवख्यांच्या पगाराला मर्यादा घालण्यात आली. त्या वर्षी पहिला आलेला क्वार्टरबॅक कॅम न्यूटन. त्याला चार वर्षांचे मिळाले सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. दोघांत गुणाचा फरक होता म्हणून हे झाले नाही. संघटनेच्या टेबलाशी जुने खेळाडू बसले होते आणि नवखे तोवर सभासदच नव्हते. जो खोलीत नसतो, त्याच्या वाट्याचे आधी दिले जाते.

हे सांगताना आम्ही अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. वेतनकराराच्या वेळी कायम कामगारांची वाढ पदरात पडावी म्हणून, पुढे भरती होणाऱ्यांना कमी श्रेणी आणि कंत्राटी पोरांना काहीच नाही, अशा कलमाखाली आम्हीही सही केली आहे. त्या दिवशी गुलाल उधळला गेला, आम्हाला खांद्यावर घेतले गेले. काही वर्षांनी त्याच फाटकाशी एक पोरगा आम्हाला म्हणाला, "काका, तुम्ही सही केली तेव्हा मी नववीत होतो. मला कुणी इचारलं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. म्हणूनच जो अजून मैदानावर धावतो आहे, ज्याची बोली अजून लागलेली नाही, त्याच्या बाजूने आज बोलावे असे वाटले.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. दोघांत कोण पुढे जाईल? आमचे उत्तर असे की, ते आम्हाला सांगता येत नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो तो बहुधा काही विकावयास आला आहे. भरलेला मुलगा लीफ निघेल की मॅनिंग, सडपातळ मुलगा ब्रेडी निघेल की मैदानावरच राहील, हे ठरविण्याचे साधन जगातल्या सर्वांत श्रीमंत संघांनाही सापडलेले नाही. तेव्हा त्या भरवशावर अर्धा एकर विकू नये. दोघांनी खेळावे, अवश्य खेळावे. पण दहावी-बारावी सोडू नये, कारण खेळाच्या गुणांवर मिळणारी खात्यातली नोकरी अजूनही शिक्षणाची अट विचारते. करारावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून घ्यावा, आणि त्यात दुखापत झाल्यास उपचार कोण करील, पगार चालू राहील की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. निवडीत अन्याय वाटला तर खाशाबांप्रमाणे पुन्हा कुस्ती मागावी. त्यात कमीपणा नाही.

आणि गावालाही एक विनंती आहे. शहाणा शेतकरी उसाची गाडी कारखान्यावर नेण्यापूर्वी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो. मग आत आकडा कमी आला तर त्याला बोलता येते. आपल्या मंडळाने मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाची एक वही ठेवावी. किती सामने खेळला, किती चढाया केल्या, केव्हा कोठे दुखावला, किती दिवस विश्रांती घेतली, शाळेत कोठवर आला, हे त्यात दर आठवड्याला लिहावे. वहीचा खर्च चाळीस-पन्नास रुपयांच्या वर जाणार नाही. ती मुलाच्या नावाची असावी आणि तो गाव सोडील तेव्हा त्याच्या हाती द्यावी. उद्या कोणी त्याला तोलावयास बसला, तर त्याच्याजवळ स्वतःचे वजन लिहिलेले असेल. पहिली दोन नावे आम्ही सांगितलेल्या त्या दोन मुलांची घालावीत, आणि ती शेजारी शेजारी नव्हे, निरनिराळ्या वह्यांत घालावीत.